फाइलमध्येच पडून असलेला आकडा

2019 साली मला पहिला मुतखडा झाला, 2021 साली दुसरा, आणि पुढच्याच वर्षी दादर स्थानकाच्या जिन्यावर तोल जाऊन नुसता हात टेकला तेवढ्याने मनगट मोडले. मुतखड्यावर मूत्ररोगतज्ज्ञांनी उपचार केले, मनगटाला प्लास्टर अस्थिरोगतज्ज्ञांनी घातले, आणि थकवा, बद्धकोष्ठता, विसराळूपणा यांचे खापर पाळी जाण्याच्या वयावर फुटले. प्रत्येकाने आपापले काम नीट केले, परंतु सगळे कागद एकत्र कोणी पाहिले नाहीत.

ते पाहिले आमच्या माहीमच्या डॉक्टरकाकांनी. त्यांनी टेबलावर तीन वर्षांचे रिपोर्ट ओळीने मांडले आणि पेनाने एकच ओळ दाखवली. कॅल्शियम 10.9, मग 11.2, मग 11.6, आणि प्रत्येक आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘एच’, म्हणजे ‘हाय’, प्रमाणापेक्षा जास्त. एकदा मी त्याविषयी विचारले होते, तेव्हा रक्त घेताना हात घट्ट बांधल्याने आकडा वाढतो असे उत्तर मिळाले होते. तसे होऊ शकते, पण म्हणूनच तपासणी पुन्हा करायची असते, आणि ती कोणी सांगितली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे माझे झाले होते.

काकांनी कॅल्शियम पुन्हा तपासायला लावले आणि त्याच रक्तातून पॅराथायरॉइड ग्रंथींचे, रक्तातले कॅल्शियम वाढवणारे संप्रेरक, म्हणजे पीटीएच, मोजायला सांगितले. ते 212 निघाले, जे साधारण 65 पर्यंत असायला हवे. परळच्या अंतःस्रावतज्ज्ञ मॅडमनी याचा अर्थ उलगडून सांगितला: रक्तात कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी संप्रेरक सोडणे कमी करतात, दोन्ही आकडे एकत्र चढलेले असतील, तर ग्रंथीनेच लगाम सोडला आहे असे समजावे. माझे ड जीवनसत्त्वही कमी होते. त्याच्या कमतरतेनेही पीटीएच वाढते, मात्र तेव्हा कॅल्शियम वाढत नाही, हा फरक त्यांनी मला कागदावर लिहून दिला. घरी मात्र सगळे ‘थायरॉइडची गोळी सुरू केली का?’ असेच विचारत राहिले. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार वेगळ्या ग्रंथी असतात, त्याच पॅराथायरॉइड, हे मलाही तोवर ठाऊक नव्हते.

त्यानंतर चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती. सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मात्र धरायची, मधले काही सुटता कामा नये. पाच लिटरचा कॅन कापडी पिशवीत घालून मी लोकलच्या महिला डब्यातून परळला नेला, आणि गर्दीत तो पायाशी धरून उभी राहिले. ही तपासणी आवश्यकच होती, कारण एका आनुवंशिक प्रकारात मूत्रपिंडच कॅल्शियम रोखून धरते. तिथे शस्त्रक्रियेचा काहीच उपयोग होत नाही. माझ्या लघवीत कॅल्शियम भरपूर होते.

आता लगाम सोडलेल्या ग्रंथीची गाठ कुठे आहे, ते शोधायचे होते. मानेच्या सोनोग्राफीत काहीच दिसले नाही, आणि त्या रात्री माझा धीर सुटला. मग सेस्टामिबी स्कॅन झाला: शिरेतून किरणोत्सारी औषध दिले, थोड्या वेळाने एक चित्र आणि सुमारे दोन तासांनी दुसरे. थायरॉइडमधले औषध ओसरले, पण खाली, छातीच्या हाडामागे, एक ठिपका तसाच उजळ राहिला. गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी थायमसबरोबर, म्हणजे छातीच्या हाडामागच्या ग्रंथीबरोबर, खाली उतरतात. माझी त्यातली एक वाटेत थांबलीच नव्हती. बहुतेकांची गाठ मानेतच असते, त्यामुळे माझ्यासारखी जागा क्वचित आढळते. कर्करोगाची भीती मी स्पष्ट विचारली. तो शंभरात एकालाही क्वचितच होतो, परंतु खात्री गाठ तपासल्यावरच, असे मॅडमनी लपवाछपवी न करता सांगितले.

शल्यविशारदांनी मानेतूनच हात घालून थायमसच्या टोकासह गाठ काढली, छाती उघडावी लागली नाही. काढल्यानंतर दहा मिनिटांनी घेतलेल्या रक्तात पीटीएच निम्म्याहून खूप खाली आले होते. पॅथॉलॉजीचा अहवाल साधी गाठ, अडेनोमा, असा आला. पुढचे काही दिवस ओठांभोवती मुंग्या येत, कारण भुकेली हाडे कॅल्शियम ओढून घेत होती. गोळ्यांनी ते थांबले.

हा आजार काही घराण्यांत चालतो, म्हणून मॅडमनी भावाला आणि मुलीला कॅल्शियम तपासून घ्यायला सांगितले. भावाचे 9.3 आले आहे. मुलीची तपासणी येत्या शनिवारी आहे, आणि तिचा रिपोर्ट मी स्वतः ओळीओळीने वाचणार आहे.