आमची वाटचाल: लोस इस्लोतेसच्या समुद्रसिंहांसोबत

दरवर्षी १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात आम्ही लोस इस्लोतेसच्या पाण्यात एकाही पाहुण्याला उतरवत नाही, कारण तो समुद्रसिंहांचा विणीचा हंगाम असून तेव्हा तेथे पाण्यात उतरण्यास बंदी असते. वर्षाचा चौथा हिस्सा काम बंद ठेवणे सुरुवातीला आम्हाला फार जड गेले. आज मात्र पाहुण्यांना समुद्रसिंहांसोबत डायव्हिंग आणि छायाचित्रण करायला नेण्याच्या आमच्या व्यवसायाची खरी पुंजी याच तीन महिन्यांत जमा होते, असे मी मनापासून मानतो. पिल्ले आयांजवळ निर्धास्त वाढली, तरच ती पुढे हिवाळ्यात आपण होऊन माणसाजवळ येतात.

मेक्सिकोतील ला पाझ शहरापासून बोटीने साधारण तासाभराच्या अंतरावर, एस्पिरितु सान्तो द्वीपसमूहाच्या उत्तर टोकाला समुद्रातून वर आलेले खडक म्हणजे लोस इस्लोतेस. कॅलिफोर्नियाच्या आखातातील बेटे २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली आणि या द्वीपसमूहाभोवतीचा समुद्र २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केले तेव्हा आमच्यापाशी भाड्याची एक पांगा, म्हणजे तिकडच्या कोळ्यांची लांबट मोटरबोट, सहा जणांपुरते डायव्हिंगचे साहित्य आणि हाउसिंगसह, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या कवचासह, एक कॅमेरा एवढेच होते.

पहिल्या हंगामात आम्ही पाहुण्यांना समुद्रसिंहांच्या मागे नेले, आणि ती आमची सर्वांत मोठी चूक ठरली. पुढच्या रुंद परांच्या एका फटक्यात हा प्राणी दिसेनासा होतो. त्याच्या मागे पायांत घातलेले फिन्स मारत जाणाऱ्या माणसाच्या छायाचित्रात मागचे पर आणि ढवळलेला गाळ याखेरीज काही उरत नाही. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची होती. समुद्रसिंह पृष्ठभागावर घेतलेल्या श्वासावर बुडी मारतो, म्हणून तो मनसोक्त वरखाली खेळू शकतो. डायव्हर मात्र दाबाखालील हवा घेत असतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथे भरलेली छाती रोखून वर येणाऱ्याच्या फुफ्फुसांतील हवा दुपटीने प्रसरण पावू पाहते आणि फुफ्फुसाला इजा करू शकते. एकदा आमचे एक पाहुणे कॅमेरा स्थिर राहावा म्हणून श्वास रोखून एका पिल्लामागे झपाट्याने वर निघाले. माझ्या भागीदाराने त्यांचा दंड धरून त्यांना थांबवले आणि श्वास सोडण्याची खूण केली. त्यांना काही झाले नाही, परंतु त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून कामाची पद्धत मुळापासून बदलली.

तेव्हापासून आम्ही पाच-सहा मीटर खोलीवर खडकाच्या कडेला जातो, बीसीडीतील, म्हणजे डायव्हरच्या हवा भरायच्या जाकिटातील, हवा नीट जुळवून तरंगत राहतो आणि वाट पाहतो. ही वाट पाहणेच आम्ही पाहुण्यांना शिकवतो; बाकीचे शिक्षण पिल्ले देतात. एकदा एक पिल्लू तोंडात तारामासा घेऊन आमच्यासमोर आले, तो त्याने सोडला, खाली जाऊ दिला, तळाला टेकण्याआधी झेलला आणि पुन्हा सोडला. तिसऱ्या खेपेस दुसऱ्याने तो पळवला. मग पहिल्याने रागाने वळून माझ्या उजव्या फिनचे टोक दातांत धरले आणि कुत्र्याच्या पिल्लासारखे मान हलवून ओढले. अशा वेळी हात अंगाशी आणि मुठी मिटलेल्या ठेवायच्या. आपण होऊन कोणालाही हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे कोणासाठीही शिथिल होत नाही. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंहून अधिक वजनाचा असू शकतो. तो पाण्यात भुंकत, बुडबुडे सोडत आपल्या हद्दीत फेऱ्या घालू लागला, की आम्ही त्याची वाट मोकळी करून दूर सरकतो.

छायाचित्रणाबाबत आमचे मत ठाम आहे: जितके जवळ, तितके चांगले, पण ती जवळीक प्राण्याने साधलेली असावी. पाण्यात लाल रंग काही मीटरांतच फिका पडतो आणि प्रत्येक वावाबरोबर चित्राची धार जाते, म्हणून आम्ही फार रुंद दृश्य टिपणारे फिशआय भिंग आणि डोम पोर्ट, म्हणजे हाउसिंगची पुढची घुमटाकार काच, वापरतो. त्या डोममध्ये स्वतःचे प्रतिबिंब पाहायला पिल्लू मिशा टेकेल इतके जवळ येते. कॅमेऱ्याचे सारे मापन बोटीवरच ठरवून घेतो आणि शटर सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा संथ ठेवत नाही, कारण खाली गेल्यावर बटणे चाचपडणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून तो क्षण निघून जातो. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, दोन्ही बाजूंना शक्य तितके लांब पसरवतो, अन्यथा भिंगापुढचा गाळ उजळून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात.

तिसऱ्या हंगामात एका पाहुण्यांचे हाउसिंग माझ्या हातून बंद झाले आणि ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, राहिलेल्या एका केसामुळे त्यात पाणी शिरले. कॅमेरा गेला. त्याची भरपाई करताना आमची त्या वर्षीची सारी शिल्लक संपली, पण ती करायची की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे कधी उभा राहिला नाही. आता प्रत्येक हाउसिंग आदल्या रात्री बंद करून, हातपंपाने आतली हवा काढून, सकाळपर्यंत निर्वात टिकतो का ते पाहिल्याशिवाय बोटीवर चढत नाही.

आज आमच्याकडे स्वतःच्या दोन पांगा आहेत आणि एका मार्गदर्शकामागे चारच पाहुणे असतात. सहा घेतले असते तर उत्पन्न वाढले असते, हे आम्ही जाणतो. परंतु सहा जणांचे बुडबुडे आणि बारा फिन्स एकत्र आल्यावर पिल्ले पाठ फिरवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सप्टेंबरची पहिली फेरी आम्ही पाहुण्यांविना करतो. नर कोणत्या बाजूला आहेत, पिल्ले कोणत्या कपारीत खेळतात, हे पाहून वहीत टिपून ठेवतो. त्या दिवशी कॅमेरे बोटीवरच राहतात.