हनिताची भिंत

रास्ता पेठेतल्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मावशींचा भाऊ इस्रायलात असतो. परवा चहाला गेले तेव्हा त्याने पाठवलेला जुना फोटो त्यांनी दाखवला. लाकडी तटबंदी, वर मनोरा. लेबनॉनच्या सीमेवरचा हनिता किबुत्झ, म्हणजे सगळं सामाईक असलेली वसाहत.

माझं माहेर टिंबर मार्केटमधलं, त्यामुळे नजर आधी फळ्यांवर गेली. २१ मार्च १९३८ला शेकडो माणसं हे सामान घेऊन डोंगरावर चढली. भिंतींचे भाग आधीच ठोकून आणलेले. फळ्यांचे दोन थर, मधल्या पोकळीत ठासून खडी, म्हणजे गोळी आरपार जात नाही. मनोऱ्यावर सर्चलाइट. किती साधी आणि किती पक्की युक्ती! तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश राजवट आणि वाढत्या ज्यू वसाहतींविरुद्ध अरबांचा उठाव चालू होता, त्या काळात अशी कितीतरी गावं एकेका दिवसात उभी राहिली. हनितावर पहिल्याच रात्री हल्ला झाला, माणसं गेली.

ऑक्टोबर २०२३मध्ये सीमेवरची ही गावं रिकामी करावी लागली. ते वाचल्यापासून मला चैन नाही.

मावशींनी बोटांनी फोटो मोठा केला. एका फटीतून खडी दिसत होती.