टू-स्ट्रोक आउटबोर्डची नोंद: आधी पाणी, मग पेट्रोल

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. हे दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, 15 एचपी, एकच कार्बोरेटर, पाण्याने थंड होणारं. खाऱ्या पाण्यात वापरलेलं आणि नंतर बरीच वर्षं पडून. ठेवताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढलेलं नव्हतं. लोअर युनिट (पाण्याचा पंप, गिअर आणि पंखा असलेला खालचा भाग) आणि कार्बोरेटरचं काम झालंय, स्पार्क आणि चाचणी बाकी आहे.

असं इंजिन हाती आलं की पहिल्यांदा स्टार्टरची दोरी ओढायचा मोह होतो. तो टाळाच. सिलिंडरच्या भिंतीवर तेल उरलेलं नसतं, रिंगा चिकटलेल्या असू शकतात, आणि पाण्याच्या पंपातलं रबर वर्षानुवर्षं एकाच आकारात दबलेलं असतं. उभं असताना जेवढं नुकसान होत नाही तेवढं या पहिल्या झटक्यांत होतं. दोन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये 10 मिलीच्या आसपास टू-स्ट्रोक ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने फिरवलं. वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचं. उलटं फिरवलं तर इम्पेलरची (पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती उलटी वळतात आणि कडक झालेलं रबर मोडतं.

लोअर युनिट उतरवताना आधी गिअर शिफ्टचा रॉड सोडवावा लागतो. बोल्ट स्टीलचे आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, त्यात खारं पाणी, त्यामुळे आट्यांत पांढरी भुकटी घट्ट बसलेली होती. इथे जोर लावला की बोल्टचं डोकं तुटलंच समजा. बॉडीला बाहेरून गरम हवा द्यायची, गंज सोडवणारं ऑइल मारायचं, पाव आटा सैल, पाव आटा घट्ट असं करत राहायचं. वेळ लागतो, पण बोल्ट अख्खे निघतात.

इम्पेलर हातात घेतल्यावर सगळं कळलं. एका बाजूची पाती मुडपलेली, बोटाने सरळ केली तरी परत तशीच वळत होती, आणि एका पात्याच्या मुळाशी नखभर चीर. पात्याचा तुकडा पडलेला असेल तर तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. तो वरच्या पाइपात किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकतो आणि नवा पंप बसवूनही इंजिन तापतं. नवा इम्पेलर बसवताना रबराला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस नको. इम्पेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी चावी (धातूची खुंटी) खाचेत आहे ना ते बघा आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं झाकण खाली दाबा. शाफ्टच्या दात्यांना कडेने ग्रीस हवं, टोकावर नको. टोकावरचं ग्रीस वर कोंडतं आणि युनिट पूर्ण बसत नाही. शेवटी पाण्याचा पाइप रबरी ग्रॉमेटमध्येच (पंपाच्या तोंडाच्या रबरी कड्यातच) शिरला पाहिजे. नवा पंप टाकूनही धार येत नाही तेव्हा पाइप ग्रॉमेटला चुकवून बाजूला गेलाय का, हे आधी पाहावं.

युनिट उतरवलेलं होतं तेव्हाच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेतलं, म्हणजे दोरी ओढली तरी इम्पेलर कोरडा घासत नाही. प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा: 104 आणि 98 पीएसआय. फरक 10 टक्क्यांच्या आत, म्हणून पुढे खर्च करायला हरकत नाही. भिंतीवरच्या तेलामुळे आकडे थोडे चढे येतात. इंजिन चालून गरम झाल्यावर पुन्हा घ्यायचे आहेत.

गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. पंखा काढल्यावर शाफ्टभोवती गळाची दोरी गुंडाळलेली सापडली; तिनेच सील कापलं होतं. सील बदलून 10 पीएसआय हवा भरली, साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. ऑइल खालच्या छिद्रातून, वरून बाहेर येईपर्यंत भरायचं. वरून ओतलं तर आत हवा कोंडते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे.

कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट, चिकट थर होता आणि पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पूर्ण बंद. जेट तांब्याच्या बारीक तारेने साफ करा. स्टीलच्या सुईने भोक मोठं होतं. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच टेकेपर्यंतचे आटे मोजून ठेवा. इथे कंटाळा करू नये, कारण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. जेट अर्धवट तुंबला की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन जाम होतो. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम कडक झाला होता, तो आणि सगळे रबरी पाइप बदलले.

आता उरलेलं. प्लग बॉडीला टेकवून, सिलिंडरच्या भोकांपासून दूर धरून स्पार्क बघायचा, आत पेट्रोलची वाफ असते. स्पार्क नसेल तर सीडीआयला (स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) दोष देण्याआधी किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर सोडून बघायची. पहिल्या टाकीला लिटरमागे 40 मिली ऑइल, नंतर या इंजिनाचं नेहमीचं 20 मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू3 प्रतीचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं. मोटारसायकलचं टू-टी इथे चालत नाही. चाचणी उघड्यावर, पंखा काढून, ड्रममध्ये, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वीतभर वर. वीसेक सेकंदांत बाजूच्या छिद्रातून धार आली नाही तर इंजिन लगेच बंद करायचं आणि पहिल्यांदा ते छिद्र तारेने मोकळं करून बघायचं, मिठाने तेच आधी बुजतं.