उद्यमनगरात बसून अमेरिकेचा ‘ईआयएन’

चपलांच्या निर्यातीसाठी अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात मी एकमालकी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) नोंदवली, तेव्हा बँक खात्याआधी अमेरिकी कर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, ‘ईआयएन’ हा व्यवसायाचा नऊ अंकी ओळख क्रमांक लागतो हे कळले. आपल्याकडचे पॅन तिथे चालत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कार्यालयात एका मध्यस्थाने या क्रमांकासाठी भली मोठी रक्कम सांगितली; वास्तविक आयआरएस त्यासाठी एक पैसाही घेत नाही.

अडचण एवढीच की, ज्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटिन (तो नसलेल्यांना मिळणारा वैयक्तिक कर क्रमांक) नाही, त्याला ऑनलाइन अर्ज करता येत नाही. त्याने ‘एसएस-४’ हा अर्ज भरून फॅक्सने किंवा टपालाने पाठवावा, अथवा परदेशस्थ अर्जदारांसाठीच्या दूरध्वनीवर माहिती द्यावी. अर्जातील ७ब या रकान्यात क्रमांकाऐवजी ‘फॉरेन’ असे लिहायचे असते, आणि बहुतेकजण नेमके तिथेच अडखळतात. मी फोनचा मार्ग धरला. तो दूरध्वनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी सहाला सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेतीनला, त्यामुळे जेवण उरकून निवांत बोलता आले, ही सोय मला फार आवडली.

क्रमांक मिळाला म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. परदेशी मालकाच्या अशा एलएलसीला मालकाशी झालेल्या व्यवहारांसाठी दरवर्षी ‘५४७२’ हे विवरण द्यावे लागते, आणि ते चुकल्यास दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. मध्यस्थाने याविषयी चकार शब्द काढला नव्हता.