तीस फुटांवरची ढोली

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या एका छोट्या शहराच्या नगरपालिकेत मी झाडांच्या विभागात काम करते. कुठलं झाड छाटायचं, कुठलं पाडायचं, हे ठरवायचं आणि कापणीच्या वेळी हजर राहायचं, हे माझं काम. त्या मे महिन्यात ओढ्याकाठच्या एका सिल्व्हर मेपलची पाळी आली होती. झाड जुनं, बेचक्यात मोठी चीर, एक जाड फांदी थेट पायवाटेवर झुकलेली. पाडण्याचा आदेश निघाला होता.

करवत लावण्याआधी बकेट ट्रकमधून, म्हणजे माणसाला उंच उचलणाऱ्या पाळण्याच्या ट्रकमधून, वर जाऊन प्रत्येक पोकळी तपासायची, हा माझा शिरस्ता. साधारण तीस फुटांवर, कधीकाळी मोडलेल्या फांदीच्या जागी, एक ढोली होती. तोंड जेमतेम तळहाताएवढं. कॅमेऱ्याची नळी आत सोडली. मोबाइलवर आधी नुसता काळोख, मग करडी पिसं, आणि मग पांढऱ्या वलयातला एक डोळा. वुड डक या रानबदकाची मादी पिसांच्या गादीवर अंग चपटं करून बसली होती. पोटाखालून एका मळकट पांढऱ्या अंड्याची कड दिसत होती. ती हलली नाही, उडाली नाही.

खाली उतरून मी काम थांबवलं. स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या 1918 च्या कायद्यानुसार, अंडी असलेलं घरटं परवानगीशिवाय मोडता येत नाही. पण कायदा नसता तरी मी थांबवलंच असतं. या बदकाला स्वतःला झाड कोरता येत नाही. फांदी मोडते, पाणी मुरतं, बुरशी गाभा खात जाते, तेव्हा कित्येक वर्षांनी अशी जागा तयार होते. नाहीतर मोठ्या सुतारपक्ष्याने सोडलेलं घर मिळावं लागतं. ज्या झाडावर आम्ही ‘धोकादायक’ असा शेरा मारतो, नेमकं तेच तिला लागतं, तेही पाण्याच्या आसपास. भंडाऱ्याकडच्या तलावांवर मी लहानपणी पाहिलेली अडई आणि नकटा ही बदकंही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, त्यामुळे हे गणित मला नवं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी जवळपास संपला होता. दलदली आटवल्या, जुनी झाडं तोडली आणि वर बेसुमार शिकार. मग शिकारीवर बंदी आली, ती 1941 पर्यंत टिकली. 1930 च्या दशकाच्या अखेरीस याच राज्यात फ्रँक बेलरोझ आणि आर्थर हॉकिन्स या वन्यजीव अभ्यासकांनी घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात केली. पेट्यांचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण उघड्यावर, जवळजवळ लावलेल्या पेट्यांत दुसऱ्या माद्याही येऊन अंडी टाकून जातात. एकेका पेटीत तीस-तीस अंडी साठतात आणि त्यातली बरीच उबतच नाहीत. म्हणून ‘झाड पाडू आणि एक पेटी लावून देऊ’ हा तोडगा मला कधीच पटत नाही.

आम्ही पायवाट बंद केली. तिथून रोज फिरायला जाणारे एक आजोबा चांगलेच तापले. मी त्यांना मोबाइलवरचा तो डोळा दाखवला. त्यानंतर लांबून झाडावर लक्ष ठेवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

अंडी उबायला महिनाभर लागतो. एका सकाळी आजोबांचा फोन आला, “बदकीण खाली उतरलीये, सारखी हाका मारतेय. लवकर ये!”

मी पोचले तेव्हा ती बुंध्याजवळ हलक्या आवाजात कुकूक-कुकूक करत होती. ढोलीच्या तोंडाशी एक पिवळं-काळं डोकं आलं. आतली भिंत सरळ उभी, पण पिल्लांना जन्मतःच टोकदार नखं असतात, त्यांच्या आधारानं ती वर चढतात. पिल्लू क्षणभर कडेवर थांबलं आणि इवलेसे पंख पसरून त्यानं स्वतःला झोकून दिलं. गवतावर चेंडूसारखं उसळलं, उठलं आणि आईकडे पळालं. वजन वीस-पंचवीस ग्रॅमच, म्हणून एवढ्या उंचीवरूनही इजा होत नाही. हे मला पाठ होतं, तरी प्रत्येक उडीला माझी मूठ आवळली जात होती. अकरा पिल्लं उतरली. शेवटचं बराच वेळ कडेवर बसून राहिलं. आई पाण्याकडे निघाली, पुन्हा मागे आली, पुन्हा हाक दिली, तेव्हा कुठे त्यानं उडी घेतली. आजोबा मोठमोठ्यानं मोजत होते.

वरात ओढ्यात उतरल्यावर मी पुन्हा बकेटमधून वर गेले. तळाशी कवचापासून सुटलेले चिवट पापुद्रे पडले होते. रकून हा अंडी खाणारा प्राणी किंवा साप आला असता तर ते असे राहिले नसते. दोन अंडी न उबलेली होती.

पानगळ झाल्यावर आम्ही झुकलेली फांदी आणि वरचा डोलारा उतरवला. खोड मात्र ढोलीच्या वरपर्यंत तसंच उभं ठेवलं. वरिष्ठांनी खर्चाचं विचारलं, तर अख्खं झाड पाडण्यापेक्षा हे स्वस्तच पडलं होतं. आता ओढ्याकाठच्या पोकळ झाडांची कामं मी नोव्हेंबर ते जानेवारीतच लावते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून इथं ही बदकं परतू लागतात आणि माद्या ढोल्या शोधत फिरायला लागतात.