गाडी भरली की निघते

आमच्या विट्याच्या स्टँडबाहेर वडाप, म्हणजे शेअर जीप, उभं असतं. वेळापत्रक नाही, तिकीट नाही. शेवटची सीट भरली की ड्रायव्हर चावी फिरवतो. घानातल्या ट्रोट्रोचा नियम अगदी हाच. तिथल्या राजधानीतलं, अक्रातलं, काम संपल्यावर हातात बारा दिवस होते. ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं घे, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं. मी ट्रोट्रोच धरली, आणि ते फार बरं केलं.

ट्रोट्रो म्हणजे बहुतेक वेळा युरोपातून आलेली जुनी व्हॅन. तिकडं ती सामान वाहून थकलेली असते, इकडं तिला खिडक्या आणि बाकं बसवून माणसांच्या कामाला लावतात. अक्राकडच्या गा भाषेत 'ट्रो' म्हणजे तीन. एकेकाळी भाडं तीन पेन्स होतं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. कंडक्टरला 'मेट' म्हणतात. उतरायचं असलं की "मेट, बस स्टॉप!" असं मागून ओरडायचं. लाजलात तर पुढच्या थांब्यावर उतरावं लागतं.

पाटी नसते, हाताच्या खुणा असतात. तर्जनी वर करून पुढे नाचवली की गाडी अक्राच्या मुख्य भागात चालली. तीच तर्जनी जमिनीकडं धरून गोल फिरवली की सर्कल. सर्कल म्हणजे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या नावाचा मोठा चौक, जिथं शहरातला निम्मा गोंगाट राहतो. पहिल्या सकाळी मी रस्त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि वीस मिनिटं माझ्यासमोरून एकही कामाची गाडी गेली नाही. घानानं ४ ऑगस्ट १९७४ रोजी डावीकडून चालणारी वाहतूक उजवीकडं नेली, कारण शेजारचे फ्रेंच बोलणारे देश उजवीकडून चालतात. हे मला ठाऊक होतं, पण पायांना ठाऊक नव्हतं. शेवटी संत्री सोलत बसलेल्या एका बाईंनी मनगट धरून मला पलीकडं नेलं.

केप कोस्टची गाडी कानेशी स्टेशनवरून सुटते. मी पोहोचले तेव्हा आत चार जण होते. तिकीट काढून खिडकीपाशी बसले. ड्रायव्हर आला, स्टिअरिंगवर टॉवेल टाकला, माझ्याकडं बघून म्हणाला, "आय ॲम कमिंग," आणि सरळ बाजारात निघून गेला. हे वाक्य मी दिवसभर ऐकत होते आणि दर वेळी माणूस येण्याऐवजी जातच होता. तिथं बसल्या बसल्या उलगडा झाला. हे तर आपलं 'येतो'! घराबाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही, घानातही म्हणत नाहीत. परत येणार आहे, एवढंच सांगतात. त्यानंतर मला कुणाच्या जाण्याची काळजी वाटली नाही.

गाडी भरायला पावणेदोन तास लागले. त्या वेळात खिडकीतून सगळा बाजार आत आला. डोक्यावरच्या परातीत उकडलेल्या शेंगा, केळ्याचे काप, मोजे, टूथब्रश, पाठ्यपुस्तकं, आणि पाण्याच्या पिशव्या. पाव लिटर नाही, चांगली अर्धा लिटरची सीलबंद पिशवी. कोपरा दातानं फोडायचा आणि पिळत प्यायचं. मग एक प्रवचनकार चढले. दारात उभं राहून त्यांनी अर्धा तास बायबल सांगितलं, आमच्या प्रवासासाठी प्रार्थना केली, सगळ्यांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं. त्या रस्त्यांवर आशीर्वाद कुणाचाही असो, घ्यावा. दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्टीत घडीच्या सीटा उघडल्या, तिथंही माणसं बसली, आणि ड्रायव्हर टॉवेल उचलत आला.

चालत्या गाडीतला हिशेब मला फार आवडला. शहरातल्या ट्रोट्रोत तिकीट नसतं. मागच्या रांगेतल्या नोटा पुढं सरकतात, चार अनोळखी हातांतून मेटकडं पोहोचतात, सुटे पैसे त्याच वाटेनं परत येतात. माझ्यासमोर कधी एक पेसेवाही, म्हणजे तिथला पैसाही, गळला नाही. फक्त हात उजवा हवा. डाव्या हातानं पैसे द्यायचे नाहीत, वस्तू घ्यायची नाही, पत्ताही दाखवायचा नाही. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, आजीनं शिकवलेलं असतं. भाडंही ठरलेलं असतं, त्यात घासाघीस नाही. घासाघीस होते ती सामानावर. टॅक्सीचं वेगळं. टॅक्सीच्या चारही कोपऱ्यांचे पत्रे पिवळे-नारिंगी असतात. ती शेअरमध्येही चालते, आणि एकट्यासाठीही. 'ड्रॉपिंग' हा शब्द आधी कळायला हवा. ड्रायव्हरनं "ड्रॉपिंग?" विचारलं आणि आपण 'सोडा म्हणजे झालं' अशा समजुतीनं मान हलवली, की पूर्ण गाडीचं भाडं पडतं. एल्मिनाला जाताना मला पडलं.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला. केप कोस्टचा किल्ला तिथून जवळच, समुद्राच्या कडेला, पांढरा, लांबून देखणा. खाली तळघरं. ज्या माणसांना गुलाम करून जहाजांवर चढवायचं होतं त्यांना तिथं महिनोन्‌महिने कोंडत. बायकांच्या तळघरात मी उभी राहिले. उजेड एका झरोक्यातून. जमीन गुळगुळीत, पाणी जायला मधून उथळ चर. हात लावावासा वाटला नाही, पण लावला. भिंत ओलसर आणि गार होती. शेवटी एक दरवाजा समुद्राकडं उघडतो, 'परत न येण्याचं दार'. त्या दारातून जाताना 'येतो' म्हणायची सोय कुणालाच नव्हती. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोघा गुलामांचे अवशेष समुद्रमार्गे आणून याच दारातून आत घेतले. तेव्हापासून बाहेरच्या बाजूला 'परतीचं दार' अशी पाटी आहे. दाराबाहेर आज कोळ्यांच्या रंगीत होड्या, जाळी आणि ओरडणारी पोरं. मी बराच वेळ तिथंच बसले.

दुसऱ्या दिवशी कुमासीची गाडी पकडली. शेजारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या. तासाभरानं त्यांनी माझ्या दंडाला हात लावून बाहेर बघायला सांगितलं. गाव आलं होतं, आसिन मान्सो. तिथल्या नदीवर, उत्तरेकडून साखळ्या घालून चालवत आणलेल्या माणसांना विकण्याआधी शेवटची आंघोळ घालत. समुद्रापार नेलेल्या त्या दोघांचे अवशेषही शेवटी तिथंच पुरले. आजी म्हणाल्या, "ते चालत खाली आले, तू बसून वर चालली आहेस. बघून घे." गाडी थांबली नाही. उरलेल्या सगळ्या प्रवासात, उत्तरेकडं जाताना, अंतर किलोमीटरमध्ये मोजणं मला जमलं नाही.

त्यांनीच मला नाव दिलं. अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. मी गुरुवारची, म्हणून याआ. १९०० मध्ये इंग्रजांविरुद्ध कुमासीकडच्या असांते लोकांना लढायला उभं करणाऱ्या याआ असांतेवाही गुरुवारच्याच. पुढं कुणीही नाव विचारलं की मी 'याआ' सांगायची आणि समोरचा चेहरा उजळायचा.

कुमासीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथं मी दमले. केजेटियाचा बाजार एवढा मोठा की वाट काढताना ऊन कुठून येतंय एवढीच खूण उरते. मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथं तीनचाकीला 'प्राग्या' म्हणतात. मी बसले तिच्या पुढच्या पत्र्यावर 'बजाज' लिहिलेलं. माझा मावसभाऊ वाळूजला त्याच कारखान्यात आहे. त्याला फोटो पाठवला, तर पाच मिनिटांत उत्तर: "ताई, ही आपलीच पोरगी."

कुमासी ते टामाले पावणेचारशे किलोमीटर. रात्रीच्या बसचं तिकीट मिळत होतं, मी नाकारलं. रस्त्यात बंद पडलेले ट्रक अंधारात दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर आदळून लोक मरतात. वेळ वाचतो म्हणून रात्री निघू नका, हे मी कळकळीनं सांगते. दिवसा निघाल्याचा दुसरा फायदा म्हणजे देश बदलताना दिसतो. किंटाम्पोपर्यंत हिरवं, दाट. मग झाडं विरळ, माती तांबडी, गवत उंच. बुइपेला पुलावरून काळी व्होल्टा नदी ओलांडली की शियाची झाडं, ज्यांच्या बियांचं लोणी काढतात ती, आणि मधूनच आपली गोरखचिंच. कोकणात एखादी जुनी दिसते ती मूळची आफ्रिकेचीच. इथं ती घरच्यासारखी ऐसपैस उभी होती.

बुइपेच्या अलीकडं टायर फुटला. सगळे उतरलो. कुणी चिडलं नाही, दोघांनी दगड लावले, एकानं जॅक धरला. स्टेपनीही खराब निघाली. मेटनं मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून करून दोन-दोन, तीन-तीन जणांना बसवून दिलं आणि पुढच्या ड्रायव्हरच्या हातात प्रत्येकाचं उरलेलं भाडं मोजून ठेवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, मग 'सिस्टर याआ', अशी रांग त्यानं मनातच लावली होती.

टामालेत स्कार्फ बांधलेल्या बायका झोकात मोटारसायकल चालवतात. तिथून 'वा' नावाच्या गावच्या बसनं लाराबांगाला उतरले. मातीची पांढरीशुभ्र मशीद, भिंतींतून काळ्या लाकडांची टोकं बाहेर आलेली. १४२१ सालची म्हणून गावकरी सांगतात. तिथून मोले राष्ट्रीय उद्यान मोटारसायकलवर दहा-पंधरा मिनिटांवर. बंदूकधारी रेंजरबरोबर पायी निघालो आणि पाणवठ्यात पाच हत्ती छातीभर बुडून उभे होते. कितीतरी वेळ एकमेकांवर पाणी उडवण्याशिवाय त्यांना काही काम नव्हतं.

परतीची बस लाराबांगातून पहाटे चारच्या सुमारास होती. आदल्या संध्याकाळी मोटारसायकलवाला पोरगा मला सोडून निघताना म्हणाला, "आय ॲम कमिंग." किती वाजता, ते नाही सांगितलं, आणि मीही नाही विचारलं. साडेतीनला दिवा दिसला.

बस आधीच भरलेली होती. एका बाईंनी पोराला मांडीवर ओढून जागा केली. उजाडल्यावर त्यांनी डबा उघडला, वाच्ये होतं, चवळी घालून शिजवलेला तांबूस भात. घास घेण्याआधी त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यू आर इनव्हायटेड." घानात जेवताना कुणी दिसलं की असं म्हणतात, आपण 'या जेवायला' म्हणतो तसं. आभार मानून नको म्हणायची पद्धत आहे, बारा दिवस मीही तेच करत आले होते. त्या दिवशी मी पाण्याची पिशवी फोडून उजवा हात धुतला.