होय तर होय, नाही तर नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा कशाविषयी लिहावे याचा मला फार विचार करावा लागला नाही. उपासनेच्या तासाला आमच्या बाईंनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाची 33 ते 37 ही वचने ज्या बारकाईने आमच्याकडून वाचून घेतली, त्या वाचनाने माझ्या बोलण्याला कायमचे वळण लावले. शपथ मुळीच वाहू नका, तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे, असे येशू तिथे सांगतो.

त्या काळी लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, अगदी स्वतःच्या मस्तकाचीही शपथ वाहत. त्यातली कोणती शपथ बंधनकारक आणि कोणती नाही, याचेही हिशेब असत. मंदिराची शपथ मोडली तरी चालते, पण मंदिरातील सोन्याची मोडता येत नाही, असे सांगणाऱ्या शास्त्र्यांना येशूने याच शुभवर्तमानाच्या 23 व्या अध्यायात खडसावले आहे. बाई आम्हाला विचारत, की शपथ घेऊन बोललेले तेवढे खरे मानायचे, तर एरवी आपण जे बोलतो त्याची किंमत काय? वर्गात कोणी ‘देवाशपथ’ म्हणू लागले, की त्या मध्येच थांबवत आणि ‘तू सांगितलेस, पुरे’ एवढेच म्हणत. हा विश्वास कोणत्याही उलटतपासणीपेक्षा जड होता, असे मला आजही वाटते.

हेच वचन शब्दशः पाळणाऱ्या इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी सतराव्या शतकात न्यायालयात शपथ घेण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवासही सोसला. अखेर 1696 साली तेथील संसदेने त्यांना अनेक बाबतींत शपथेऐवजी गंभीरपणे कथन करण्याची मुभा दिली.

आपल्याला रोजच्या व्यवहारात कोणी शपथ घालत नाही. ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात खोटेपणा शिरतो तो बहुधा भक्तीच्या भाषेतून, आणि तिथे तो ओळखणे सर्वांत कठीण असते. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य निरोप घेण्याची रीत म्हणून उच्चारले जाते आणि दाराबाहेर पडताच विसरले जाते. ज्याने ते ऐकले तो मात्र आपल्या दुःखात कोणीतरी सहभागी आहे या आधारावर रात्र काढतो. ‘प्रभूने माझ्या मनात घातले’ असे म्हटले, की समोरच्याला हरकत घेण्याची सोयच उरत नाही, मग तो निर्णय केवळ आपल्या आवडीचा का असेना. प्रार्थनेचा विषय म्हणून एखाद्याच्या घरातील भांडण मंडळीत सांगितले जाते, तेव्हा ती चहाडी असते, हे आपण मान्य करायला हवे. प्रार्थना करण्याचे वचन द्यायचे असेल तर शक्य तेव्हा तिथेच थांबून ती करावी, नाहीतर ते वाक्य उच्चारू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. त्यामुळे काही भेटी अवघडलेल्या शांततेत संपतात, आणि ते मला पत्करते.

खरे बोलण्याच्या नावाखाली माणसांना दुखावणारा स्पष्टवक्तेपणा मात्र मला कधीच पटला नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल शेजाऱ्याशी खरे बोलायला सांगतो आणि आपण एकमेकांचे अवयव आहोत हे त्याचे कारण देतो. त्याच अध्यायात ऐकणाऱ्याची उन्नती होईल असेच बोलावे, असेही तो बजावतो. म्हणून एखाद्याचा दोष त्याच्या पाठीमागे चार जणांत न सांगता त्याला एकांतात गाठून सांगणे, हे मी सत्य बोलण्याचेच अंग मानतो.

इब्री लोकांचे नवजात मुलगे मारून टाकण्याची मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा न जुमानता त्यांना जिवंत ठेवणाऱ्या आणि विचारणा झाल्यावर फारोला खोटे उत्तर देणाऱ्या बायबलमधील सुइणींचे काय, हा प्रश्न आमच्या वर्गात हमखास निघे. संत ऑगस्टिन यांच्या मते देवाने त्यांच्या दयेचे फळ त्यांना दिले, खोटे बोलण्याचे नव्हे. निरपराध जिवाच्या रक्षणासाठी बोललेल्या शब्दांकडे मला इतक्या कठोरपणे पाहवत नाही. पण आपण दिवसभरात जे खोटे बोलतो, त्याने बहुतेक वेळा कोणाचा जीव वाचत नसतो, केवळ आपली प्रतिष्ठा किंवा आपला वेळ वाचत असतो, आणि त्यासाठी सुइणींचा आधार घेता येत नाही.